‘वातापि गणपतिं’ ऐकताना: एका ध्वनिमुद्रणात कोणाकोणाचं काम असतं

कर्नाटक संगीताच्या मैफिलीचं रेकॉर्डिंग लावलं की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ‘वातापि गणपतिं भजेऽहं’ कानावर पडणं अगदी नेहमीचं. आधी वर्णम (मैफिलीच्या सुरुवातीला गायची रचना), मग गणपती, आणि गणपती म्हटलं की पुष्कळदा हाच. मराठी माणसाला शब्द अर्धेमुर्धे कळतात, हंसध्वनी रागही ओळखीचा. तरी तिसऱ्या मिनिटाला गोंधळ होतो. एकच ओळ आठ-दहा वेळा का म्हणतायत? मधेच सरगम कुठून आली? यातलं बसवलेलं किती आणि आत्ता सुचलेलं किती?

आपण हिंदुस्थानी ख्यालाच्या हिशेबाने ऐकतो, म्हणून हे होतं. ख्यालात बंदिश दोन-चार ओळींची असते आणि पुढचा सगळा डोलारा गायकाचा. कृतीत, म्हणजे कर्नाटक पद्धतीच्या अशा रचनेत, बराचसा डोलारा आधीच बांधलेला असतो, अगदी हरकतींसकट. गायक त्यातून चालतो आणि ठरावीक जागांवरच स्वतःचं बांधकाम करतो. म्हणून अशा रेकॉर्डिंगमध्ये थर असतात: रचनाकाराचा, त्यानंतरच्या गायकपिढ्यांचा, समोर गाणाऱ्याचा, साथीदारांचा, आणि शेवटी माइक लावणाऱ्याचा. हे थर कानाने वेगळे करता आले की गाणं उलगडतं. कुठलंही रेकॉर्डिंग घ्या. जुनं असेल तर जास्त चांगलं.

दीक्षितरांनी काय लिहून ठेवलं

रचना मुत्तुस्वामी दीक्षितरांची. जन्म तिरुवारूरचा, मृत्यू १८३५ मध्ये एट्टयपुरमला. तिरुवारूर तेव्हा तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होतं, आणि दीक्षितरांचे शिष्य पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारी होते. हंसध्वनी रागाचं श्रेय परंपरा दीक्षितरांच्या वडिलांना, रामस्वामी दीक्षितरांना देते.

हंसध्वनीत पाचच स्वर: सा रे ग प नि. मध्यम आणि धैवत नाहीत, बाकीचे सगळे आपल्या भाषेत शुद्ध. कर्नाटक पद्धतीत त्यांनाच चतुःश्रुती ऋषभ, अंतर गांधार, काकली निषाद म्हणतात आणि रागाला शंकराभरण मेळाखाली (मेळ म्हणजे आपल्या थाटासारखा) घालतात. नावं दचकवणारी असली तरी पेटीवरच्या पट्ट्या त्याच.

कृतीचे भाग तीन: पल्लवी, अनुपल्लवी, चरणम. पल्लवी म्हणजे घर, प्रत्येक भागानंतर तिथेच परतायचं. पल्लवी अशी: ‘वातापि गणपतिं भजेऽहं वारणास्यं वरप्रदं श्री’. यात दोन जागी पाय घसरतो. ‘वारणास्यं’चा वाराणसीशी काहीही संबंध नाही. वारण म्हणजे हत्ती, आस्य म्हणजे तोंड, म्हणजे गजमुख. आणि ओळीच्या शेवटी लोंबकळणारा तो ‘श्री’ छपाईची चूक नाही. पल्लवी फिरून आली की तो पुढच्या ‘वातापि’ला जोडला जातो: श्रीवातापि गणपतिं. म्हणजे ओळ सुरू करताना ‘श्री’ नसतो, दुसऱ्या फेरीपासून असतो, आणि गाणं संपवायचं ते ‘भजेऽहं’वर. ‘श्री’वर थांबलेलं रेकॉर्डिंग ऐकलं तर ते कुणीतरी कात्रीने कापलंय असं समजा.

अर्थाच्या बाबतीत मराठी श्रोत्याकडे एक किल्ली आहे: अथर्वशीर्ष. ज्याला ते पाठ आहे त्याने चरणम कान देऊन ऐकावं. ‘मूलाधारक्षेत्रस्थितं’ म्हणजे ‘त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्’. ‘परादिचत्वारिवागात्मकं’ म्हणजे ‘त्वं चत्वारि वाक्पदानि’, परा-पश्यंती-मध्यमा-वैखरी. ‘प्रणवस्वरूप वक्रतुण्डं’ तर सांगायलाच नको. गंमत अशी की मूलाधार हा शब्द इथे दुहेरी वाजतो: शरीरातलं चक्र, आणि तिरुवारूर गाव, कारण त्या परंपरेत तिरुवारूरला मूलाधारक्षेत्र म्हणतात. पुढे मूर्तीचं वर्णन येतं: कपाळी चंद्रकोर, डाव्या हातात उसाचं कांडं, पाश आणि बीजापूर. बीजापूर म्हणजे महाळुंग हे लिंबाच्या जातीचं फळ, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं तेच.

वातापी म्हणजे बदामी, हे बरोबर. पल्लव राजा नरसिंहवर्मन पहिला याने ६४२ मध्ये चालुक्यांची राजधानी जिंकली तेव्हा त्याच्या सेनापतीने ही मूर्ती तमिळ देशात आणली, अशी कथा सांगतात. गाण्यात मात्र लढाईचा एक शब्द नाही. गाण्यात आहे तो ‘कुम्भसम्भव मुनिवर’, म्हणजे अगस्ती, ज्याने वातापी नावाचा राक्षस खाऊन पचवला. गाण्याची ओळख करून देताना लोक युद्धाची कथा रंगवून सांगतात. दीक्षितरांनी शब्दांत ठेवली ती अगस्तीची.

आता कारागिरी. ओळींची दुसरी अक्षरं पाहा. पल्लवी-अनुपल्लवीत वातापि, भूतादि, भूतभौतिक, वीतरागिणं: सगळीकडे दुसरं अक्षर त. चरणमात पुरा, मुरारि, परादि, निरन्तरं, कराम्बुज, हरादि: सगळीकडे र. मराठीत यमक ओळीच्या शेवटी शोधायची सवय. इथे ते ओळीच्या तोंडाशी, दुसऱ्या अक्षरात बसवतात आणि त्याला द्वितीयाक्षर प्रास म्हणतात. ऐकताना याचा फायदा असा की प्रासाचं अक्षर आलं की नवी ओळ लागली हे कळतं, शब्द समजो न समजो. शिवाय ‘वारण’ शब्दाची दुहेरी चाल बघा: पल्लवीत हत्ती, अनुपल्लवीच्या शेवटी ‘विघ्नवारणं’, निवारण.

सही शेवटच्या ओळीत: ‘हरादिगुरुगुहतोषितबिम्बं हंसध्वनिभूषितहेरम्बम्’. ‘गुरुगुह’ ही दीक्षितरांची मुद्रा, तुकोबांच्या ‘तुका म्हणे’सारखी. आणि ‘हंसध्वनि’ असं रागाचं नावच शब्दांत गुंफलंय. पन्नास मिनिटांच्या मैफिलीत कुठला राग चालू आहे हे कळत नसेल तर दीक्षितरांची कृती शोधावी. पुष्कळदा ते स्वतःच सांगून जातात.

हात चालू ठेवा: आदिताल आणि ३२ मात्रा

ताल आदि. ठोके ८, आणि ते हातावर मोजायचे: टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट; पुढे टाळी, हात उलटा; टाळी, हात उलटा. एवढंच. तबल्याच्या ठेक्यावर सम (आवर्तनाचा पहिला ठोका) शोधायची सवय असलेला माणूस इथे हमखास हरवतो, कारण मृदंगमला ठेका नसतो. ‘धा धिं धिं धा’ असं कुणी घोकून वाजवत बसत नाही. मृदंगम शब्दांच्या वळणाने चालतो. म्हणून खुंटा शब्दांचा धरायचा. पहिल्या पल्लवीत ‘वा’ कुठल्या ठोक्याशी येतो ते हाताने पक्कं करा आणि प्रत्येक ‘वा’ला ते ताडून बघा. काही कृतींची उचल, म्हणजे ओळ सुरू होण्याची जागा, समेवर नसून अर्धा किंवा दीड ठोका उशिरा असते. उचलीच्या जागेलाच एडुप्पु म्हणतात. ती एकदा हाताला कळली की पुढे चुकत नाही.

आता अनुपल्लवी जवळून पाहू. शाळेत वृत्तं शिकताना लघू-गुरू मोजले होते, तेच इथे कामाला येतात: लघू १, गुरू २.

‘भूतादिसंसेवितचरणं’ मोजा: भू २, ता २, दि १, सं २, से २, वि १, त १, च १, र १, णं २. एकूण १५. आदितालाच्या एका आवर्तनात ८ ठोके आणि ठोक्याला ४ मात्रा, म्हणजे ३२ घरं. १५ मात्रांचा मजकूर ३२ घरांत, म्हणून ओळ ऐसपैस, स्वर लांबवायला जागा.

आता त्याच अनुपल्लवीचा शेवट: ‘वीतरागिणं’ म्हणजे वी २, त १, रा २, गि १, णं २. आठ. ‘विनतयोगिनं’ म्हणजे १, १, १, २, १, २. आठ. ‘विश्वकारणं’ आठ. ‘विघ्नवारणं’ आठ. एकूण बरोबर ३२. एकही घर रिकामं नाही. म्हणून इथे गाणं अचानक धावू लागतं. ताल धावत नाही, हे महत्त्वाचं. शब्दांची गर्दी दुप्पट होते. याला मध्यमकाल साहित्य म्हणतात आणि दीक्षितरांच्या रचनांची ती मोठी ओळख. चरणमाच्या शेवटी हेच दुसऱ्यांदा घडतं. ‘कराम्बुजपाशबीजापूरं’ १६, ‘कलुषविदूरं भूताकारं’ १६. ‘हरादिगुरुगुहतोषितबिम्बं’ १६, ‘हंसध्वनिभूषितहेरम्बम्’ १६. शेवटच्या मापात ‘हंस’मधला स गुरू धरायचा, पुढे ‘ध्व’ हे जोडाक्षर आहे म्हणून. तो लघू धरला तर एक मात्रा कमी पडते. हिशेब इतका चोख आहे.

नवशिक्याची चूक नेमकी इथे होते. शब्द दाटले की बोटंही पळू लागतात, आणि आवर्तन संपायच्या आत हात पुढे जातो. उपाय एकच: मध्यमकाल आला की शब्द विसरून हाताकडे बघायचं.

संगती: एकच ओळ दहा वेळा का

पल्लवी पहिल्यांदा साधी येते. दुसऱ्यांदा ‘गणपतिं’पाशी एक छोटं वळण. तिसऱ्यांदा ते वळण तसंच, वर ‘भजे’पाशी आणखी एक. असं करत करत ओळ तारसप्तकाला जाऊन येते. शब्द तेच, ताल तोच, चालीचे पाठ बदलत जातात. या प्रत्येक पाठाला संगती म्हणतात. हे ख्यालातले बोलआलाप किंवा बोल-ताना नव्हेत: संगती पाठ केलेल्या असतात, त्यांचा क्रम ठरलेला असतो आणि गुरू त्या क्रमानेच शिकवतो. चांगल्या संगतींची खूण म्हणजे नवी संगती जुनीला मोडत नाही, तिच्यावर एक मजला चढवते.

दीक्षितरांची एकूण शैली संथ, भारदस्त. संगतींची अशी आतषबाजी त्यांच्या इतर कृतींत सहसा सापडत नाही. मग ‘वातापि’त त्या आल्या कुठून? परंपरा श्रेय देते महावैद्यनाथ अय्यरांना (१८४४–१८९३). तंजावर भागातले हे गायक मराठी वाचकाला माहीत असायला हवेत, कारण ७२ मेळकर्ता (मूळ) रागांची त्यांची प्रसिद्ध रागमालिका आधी मराठीत होती. तंजावरच्या राजघराण्याचे जावई सखारामसाहेब यांच्या स्तुतीपर लावणी वेंकटराव यांनी शब्द लिहिले, अय्यरांनी चाल बांधली, आणि नंतर स्वतः संस्कृत शब्द रचून तीच कल्पना देवाच्या चरणी वाहिली. असो.

तर दुसरा थर म्हणजे संगतींचा. तो ओळखायची युक्ती साधी आहे: वेगवेगळ्या गुरुपरंपरांच्या तीन गायकांची रेकॉर्डिंग घ्यायची आणि पल्लवीच्या फेऱ्या कागदावर मोजायच्या. तिघांत सारख्या येणाऱ्या संगती सामाईक वारशाच्या. दोघांत आहे, तिसऱ्यात नाही, ती घराण्याची. एकाच ठिकाणी सापडली तर बहुधा त्या गायकाची. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर कान कायमचा बदलतो.

संगतींत बिघडतं काय? एक, क्रम उडतो: मधली पायरी गाळून गायक एकदम वरच्या संगतीवर गेला की चढण्याचा आनंद जातो, नुसतं ओरडणं उरतं. दोन, शब्द तुटतात. अक्षर लांबवता लांबवता श्वास ‘गणप’वर सुटतो आणि ‘तिं’ पुढच्या ओळीला चिकटतो. संस्कृत जाणणारा गायक श्वास शब्दाच्या कडेला घेतो. तीन, उच्चार. तमिळ लिपीत क-ख-ग-घ साठी एकच अक्षर असल्याने तमिळ गायनपुस्तकांत अक्षराच्या खांद्यावर २, ३, ४ असे बारीक आकडे छापतात, त्यावरून ग की घ ते कळावं म्हणून. आकड्यांकडे दुर्लक्ष झालं की ‘भजेऽहं’चा ‘बजेहं’ होतो. मराठी कानाला हे खटकतं. पण गायकी थोर असेल तर तेवढ्यावरून रेकॉर्डिंग बंद करू नये.

गायकाचं स्वतःचं

इथवर आलेलं जवळजवळ सगळं ठरलेलं. गायकाचं म्हणून जे असतं ते सहसा चरणम संपल्यावर लागतं: कल्पनास्वर. म्हणजे त्या रागातल्या सरगमीच्या उत्स्फूर्त लडी. सुरुवातीला एक-एक आवर्तनाची लहान लडी, संथ, मग दुप्पट लय, मग लांब. प्रत्येक लडी पल्लवीच्या ठरलेल्या शब्दावर, इथे बहुधा ‘वातापि’वर, येऊन टेकली पाहिजे. तिथे टेकली नाही तर बाकी कितीही देखणी असो, फुकट.

शेवटी जी मोठी तिहाईसारखी (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणारी) रचना येते तिला कोर्वै म्हणतात. तिचा हिशेब तिहाईपेक्षा फार वेगळा नाही. पल्लवीची उचल समेवर आहे असं धरू. एका आवर्तनाची ३२ घरं भरायची आहेत. १० स्वरांचा तुकडा घ्या: ग रे सा रे ग प नि प ग रे. तो तीनदा, मधे एक-एक घर मोकळं: १० + १ + १० + १ + १० = ३२. पुढच्या घरात समेवर ‘वा’. उचल अर्धा ठोका उशिरा असेल तर २ घरं जास्त भरावी लागतात, आणि तिथेच कच्चा गायक पकडला जातो: तुकडा समेला संपतो आणि ‘वा’ यायच्या आधी एक ओशाळवाणी पोकळी राहते. थेट मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती पोकळी व्हायोलिन पटकन एका स्वराने झाकतं. एकदा लक्षात आलं की हे झाकणं ऐकू येतं.

कल्पनास्वराआधी कधी निरवल असतं: एखादी ओळ धरून तिचे शब्द न मोडता चाल बदलत राहायची, तालात. ते आपल्या बोलबढतच्या जवळचं. कृतीच्या आधी रागाचा छोटा आलाप असला तर तोही गायकाचाच.

तिसरी गोष्ट गमक. कर्नाटक गायकाचा निषाद एका जागी उभा राहत नाही, वरच्या षड्जाकडे झेपावून परत येतो. हिंदुस्थानी कानाला हा स्वर हलल्यासारखा वाटतो. तो हलवलेला असतो.

उजवीकडे मृदंगम, डावीकडे व्हायोलिन

गायकाच्या उजव्या हाताला मृदंगम, डाव्या हाताला व्हायोलिन, मागे तंबोरा, आणि असला तर मृदंगमच्या बाजूला घटम (मडकं) किंवा कंजिरा (छोटा डफ). व्हायोलिन या संगीतात आणण्याचं श्रेय दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांना देतात, म्हणजे या रेकॉर्डिंगमध्ये धाकटी पातीही हजर असते. कृती चालू असताना व्हायोलिन गायकाच्या सावलीसारखं जातं. संगती त्यालाही पाठ असतात. कल्पनास्वरात मात्र पाळी असते: गायकाची लडी, मग व्हायोलिनची. कान तिथे ठेवावा. गायकाने टाकलेला तुकडा व्हायोलिनने तसाच परत दिला, फिरवून दिला, की सोडून दिला?

मृदंगम गायकाच्या षड्जाला लावलेला असतो. उजव्या तोंडावर काळी शाई, डाव्या तोंडावर वाजवण्याआधी रव्याचा ओला गोळा थापतात, पखवाजाला कणीक लावतात तसा. रवा वाळला की डावी बाजू कोरडी, टणक वाजते. लांब मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये उत्तरार्धात डाव्या हाताचा घुमार उतरला असेल तर कारण बहुतेक हेच. मधे पाण्याचा हात फिरवला की पुन्हा भरतो.

पट्टीला तिकडे कट्टै म्हणतात. एक कट्टै म्हणजे आपल्या पेटीची पांढरी एक, पाच कट्टै म्हणजे पांढरी पाच. पुरुष साधारण एक ते दोनच्या आसपास गातात, बायका पाच-साडेपाचच्या. खालच्या पट्टीला लांब खोडाचा मृदंगम लागतो, वरच्या पट्टीला आखूड.

माइकमागचा माणूस

शेवटचा थर ध्वनिमुद्रणाचा, आणि जुन्या तबकड्यांत त्याचाच हात सगळ्यांत जड असतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं मावत. एक आवर्तन ६ सेकंदांचं धरलं तर मिनिटाला १० आवर्तनं, म्हणजे एका बाजूवर बत्तीस-चौतीस. यात पल्लवी, तिच्या संगती, अनुपल्लवी, चरणम आणि परत पल्लवी. म्हणून जुन्या तबकडीवर संगती कमी वाटल्या, लय चढी वाटली, चरणम धावत गेलं, तर तो गायकाचा स्वभाव समजू नये. घड्याळ समोर होतं. आणि १९२५ नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या, कर्ण्यात गाऊन केलेल्या तबकड्यांत मृदंगम जेमतेम ऐकू येतो. तो वाजत होता. कर्ण्यापर्यंत पोचत नव्हता.

वेगाचा घोळ तर आजही चालू आहे. ‘७८’ हे नाव पडलं, पण तबकड्या प्रत्यक्षात सत्तरीच्या मध्यापासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठल्याही वेगाने कापलेल्या असत. ७४ ला कापलेली तबकडी ७८ ला वाजवून संगणकात घेतली की पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, लय पाच टक्क्यांनी वाढते, आणि आवाज बारीक होतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनला गाताना आढळला तर आधी तबकडीच्या वेगाचा संशय घ्यावा. वेग आणि पट्टी एकत्र उतरवून बघा; आवाज माणसासारखा झाला की वेग सापडला.

आजच्या रेकॉर्डिंगचे आजार वेगळे. मैफिलीत गायकाच्या माइकपासून मृदंगम जेमतेम मीटर-सव्वा मीटरवर असतो. त्याचा नाद स्वतःच्या माइकमध्ये आधी आणि गायकाच्या माइकमध्ये तीन-साडेतीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही मिसळले की काही कंपनं एकमेकांना मारतात आणि मृदंगम डब्यात वाजवल्यासारखा लागतो. यावर जुना नियम आहे: माइक तोंडापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. तोंड २० सेंटीमीटरवर तर मृदंगमचा माइक निदान ६० सेंटीमीटर पलीकडे. घरी रेकॉर्ड करणाऱ्याने पातळी पल्लवीवर लावू नये. तारसप्तकातली सगळ्यांत वरची संगती पूर्ण आवाजात म्हणून बघावी आणि तिचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावं. नाहीतर दहाव्या संगतीला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) सगळ्या मिश्रणावर एकदम टाकला की मृदंगमच्या प्रत्येक थापेला गायकाचा आवाज आत ओढला जातो. ऐकताना छाती धपापल्यासारखं होतं. तो प्रत्येक माइकला वेगळा आणि हलका हवा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जास्त चालवलं की पहिला तंबोरा जातो, मग स-श.

आणि सूर सुधारणारं सॉफ्टवेअर. त्याच्या दृष्टीने सप्तकात बारा खुर्च्या आहेत आणि स्वराने त्यांतल्या एकीवर बसलंच पाहिजे. हंसध्वनीचा झेपावणारा निषाद त्याच्या हाती लागला की तो एकदा नि, एकदा सा असा जिन्यासारखा उड्या मारतो. शिवाय तंबोरा ४४० हर्ट्झच्या (सॉफ्टवेअर धरून चालतं त्या) मापाला लावलेला नसेल तर बाराही खुर्च्या तंबोऱ्यापासून थोड्या सरकलेल्या असतात, आणि सॉफ्टवेअर इमानेइतबारे सुरात गाणाऱ्याला बेसूर करतं. भक्तिसंगीताच्या चकचकीत अल्बममध्ये गायिकेचा आवाज तंबोऱ्यावर बसत नाही असं वाटलं तर दोष तिच्या गळ्यात शोधण्याआधी हे आठवावं.

हंसध्वनी महाराष्ट्रात रुजला त्यात भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांचा वाटा मोठा. त्यांची तीनतालातली ‘लागी लगन’ ऐकून लगेच ‘वातापि’ लावा. मुखड्यातलं नातं लपत नाही. फरकही तिथेच दिसतो: बंदिशीने चालीचा मुखडा घेतला, संगतींचा जिना घेतला नाही, कारण ख्यालगायकाला तो स्वतः बांधायचा असतो.

गाणं निवडताना आधी लांबी बघावी. साडेतीन-चार मिनिटांचं असेल तर त्यात फक्त कृती, तीही बहुधा मोजक्या संगतींची. पहिल्यांदा मात्रा मोजायला हेच बरं. आठ-दहा मिनिटांचं म्हणजे शेवटी कल्पनास्वर. त्याहून लांब असेल तर आधी आलाप किंवा मधे निरवल. आणि मैफिलीचं रेकॉर्डिंग गाण्यागणिक कापून चढवलेलं असेल तर शेवटचे दहा सेकंद आधी तपासा: ‘भजेऽहं’ पूर्ण होतंय, की ‘श्री’वरच कात्री लागली आहे.